सभागृहाबाहेरची वर्षे

मुंबई–नाशिक महामार्गावरचे वडपे हे भिवंडी तालुक्यातले गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते रस्त्याच्या कामांमुळे. माजिवडा ते वडपे आठपदरीकरण, वडपे ते गोंदे चौपदरी रस्ता अशा नावांतून ते वर्तमानपत्रांत येत राहिले. शेजारच्या आमणे येथे समृद्धी महामार्ग येऊन संपतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली आणि कंटेनरांची रांग दिवसरात्र थांबेनाशी झाली. याच रस्त्याने नाशिक, धुळे, जळगावकडचे आमदार पिढ्यान् पिढ्या अधिवेशनासाठी मुंबईला आले, आणि निवडणूक हरल्यावर किंवा तिकीट कापले गेल्यावर याच रस्त्याने घरी परतले. परतल्यानंतरच्या त्यांच्या आयुष्याची जबाबदारी राज्याने कधी आणि कशी घेतली आणि मृत्यूनंतर त्यांची आठवण कोणी ठेवली, हा महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासातला थोडा दुर्लक्षित राहिलेला भाग आहे. भिवंडीच्या परिसरातून तो चांगला दिसतो.

भिवंडी नावाचा लोकसभा मतदारसंघ दोन वेगवेगळ्या काळांत अस्तित्वात आला. पहिल्या काळात, १९६२ मध्ये, जव्हार संस्थानचे अखेरचे अधिपती यशवंतराव मुकणे येथून लोकसभेवर गेले. १९६७ मध्ये सोनुभाऊ बसवंत निवडून आले, तर १९७१ मध्ये भाऊसाहेब धामणकर. १९७७ च्या निवडणुकीपूर्वी मतदारसंघांची फेररचना झाली आणि भिवंडीचे नाव लोकसभेच्या यादीतून गेले. ते परत आले २००९ मध्ये, बत्तीस वर्षांनी.

या तिघांच्या आठवणी वेगवेगळ्या वाटांनी टिकल्या. मुकण्यांच्या मागे संस्थानाचा इतिहास आणि जव्हारचा राजवाडा आहे. वडप्याहून नाशिकच्या दिशेने गेले की शहापूर लागते; तिथल्या कला व वाणिज्य महाविद्यालयाला सोनुभाऊ बसवंत यांचे नाव आहे. धामणकर हे आडनाव तर भिवंडीत धामणकर नाक्यामुळे रिक्षावाल्यापासून यंत्रमाग कामगारापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी असते. पण या मंडळींनी लोकसभेत कोणते प्रश्न मांडले, ठाणे जिल्ह्याच्या कोणत्या मागणीसाठी ते उभे राहिले, हे त्या महाविद्यालयातल्या किंवा नाक्यावरच्या तरुणाला विचारले तर उत्तर मिळणे अवघड आहे. नाव राहिले आणि काम विसरले गेले, असे आपल्या बहुतेक माजी लोकप्रतिनिधींच्या बाबतीत झाले आहे.

विधिमंडळाने स्वतःपुरती आठवणीची एक रीत घालून घेतली आहे. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी अध्यादेश आणि कागदपत्रे सभागृहासमोर ठेवली जातात, पुरवणी मागण्या सादर होतात आणि मग शोकप्रस्ताव पुकारला जातो. मागच्या अधिवेशनानंतर दिवंगत झालेल्या माजी सदस्यांची नावे एकेक करून वाचली जातात. जन्म, शिक्षण, समाजकार्य, कोणत्या मतदारसंघातून किती वेळा निवड, कोणत्या समितीवर काम, मंत्रिपद असल्यास ते, आणि निधनाची तारीख. ज्यांनी त्या व्यक्तीबरोबर काम केलेले असते ते सदस्य दोन शब्द बोलतात. सगळे उभे राहून स्तब्धता पाळतात.

या रिवाजात मोठी गोष्ट आहे ती समानतेची. चाळीस वर्षांपूर्वी एकदाच निवडून आलेला, नंतर कोणाच्या लक्षात न राहिलेला आमदार असो किंवा मुख्यमंत्रिपद भूषवलेला नेता असो, नाव पुकारले जातेच. ज्या पक्षाने आयुष्यभर त्याला विरोध केला, त्या पक्षाचे सदस्यही उभे राहतात. एखाद्या दुर्गम तालुक्यातल्या जुन्या आमदाराची जीवनरेखा छापील स्वरूपात शेवटची नोंदली जाते ती बहुधा याच प्रस्तावात. त्यामुळे ग्रामीण महाराष्ट्राचा राजकीय इतिहास लिहिणाऱ्याला विधिमंडळाच्या कार्यवाहीतली ही पाने टाळून चालत नाही.

या रिवाजाची मर्यादाही तिथेच आहे. शोकप्रस्तावात माणसाचे गुण येतात. वाद आणि अपयश येत नाहीत. विष्णू सवरा यांचे उदाहरण घेता येईल. वाडा मतदारसंघातून १९९० पासून ते सलग चार वेळा निवडून आले. फेररचनेत वाडा मतदारसंघ गेला आणि भिवंडी शहराभोवतीची गावे व वाडा तालुक्याचा भाग मिळून भिवंडी ग्रामीण हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ तयार झाला. २००९ मध्ये त्याचे पहिले आमदार सवराच झाले. २०१४ मध्ये ते विक्रमगडमधून निवडून आले आणि आदिवासी विकासमंत्री झाले. जून २०१९ च्या फेरबदलात त्यांचे मंत्रिपद गेले. ९ डिसेंबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. सत्तेच्या वर्तुळापासून दूर राहिलेल्या आदिवासी पट्ट्यातून सहा वेळा निवडून येणे ही त्यांच्या आयुष्याची एक बाजू. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालकांच्या कुपोषणावरून त्यांच्या खात्यावर आणि त्यांच्यावर झालेली कठोर टीका ही दुसरी. दोन्ही बाजू नोंदवल्या तरच जव्हार–मोखाड्याच्या पुढच्या आमदाराला त्या आयुष्यापासून काही शिकता येईल. आदर म्हणजे फक्त गुणवर्णन असे मानले की नेमकी उपयोगाची बाजू गळून जाते.

आठवणीच्या आधी प्रश्न होता पोटाचा. १९३१ च्या कराची काँग्रेसने सरकारी पगाराची कमाल मर्यादा महिना ५०० रुपये असावी असे ठरवले होते, आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले तेव्हा काँग्रेसच्या मंत्र्यांनी तेवढ्यावरच काम केले. सार्वजनिक काम हे कमाईचे साधन नाही, ही त्या पिढीची धारणा होती. पुढे १९५६ च्या कायद्याने मुंबई राज्यात आमदारांचे वेतन आणि भत्ते ठरले. मात्र सदस्यत्व संपले की सगळे संपत असे. वकिली किंवा जमीनजुमला असलेल्यांना त्याची झळ लागत नव्हती. शिक्षकाची नोकरी सोडून आलेल्या, कामगार चळवळीतून आलेल्या, पाड्यावरून निवडून आलेल्या माणसाचे काय, याचे उत्तर व्यवस्थेकडे नव्हते.

क्रांतिसिंह नाना पाटील यांचे आयुष्य डोळ्यांसमोर ठेवले तर हा प्रश्न नीट समजतो. साताऱ्याच्या प्रतिसरकारचा हा नेता १९५७ मध्ये सातारा भागातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर गेला. इंग्रजांच्या विरोधातल्या लढ्यात वर्षानुवर्षे भूमिगत राहिलेल्या, नंतर शेतकऱ्यांच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत राबलेल्या या माणसाने स्वतःसाठी काही साठवले नाही. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. माजी खासदारांना निवृत्तिवेतन देणारी दुरुस्ती संसदेने केली तीही १९७६ मध्येच. पाच वर्षे सदस्य राहिलेल्याला महिना ३०० रुपये, पुढच्या प्रत्येक वर्षाला ५० रुपयांची भर आणि कमाल मर्यादा ५०० रुपये, असे तिचे स्वरूप होते.

महाराष्ट्राचा कायदाही त्याच वर्षीचा: महाराष्ट्र विधानमंडळ सदस्यांचे निवृत्तिवेतन अधिनियम, १९७६. तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि देशात आणीबाणी होती. सभागृहात १९७२ मध्ये निवडून आलेली विधानसभा होती आणि मृणाल गोरे यांच्यासारखे विरोधी नेते तुरुंगात होते. विरोधाचा आवाज बंद असलेल्या काळात हा कायदा झाला, याची नोंद ठेवायला हवी. त्याचबरोबर त्याचा फायदा पुढे त्याच विरोधकांच्या पिढीला, म्हणजे समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्षाच्या आणि जनसंघाच्या कफल्लक म्हणाव्या अशा माजी आमदारांनाही झाला. पक्षाच्या कार्यालयात झोपणाऱ्या आणि एसटीने फिरणाऱ्या त्या माणसांना म्हातारपणी दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळू लागली, हे या कायद्याचे श्रेय नाकारता येत नाही.

इतर देशांतही हा प्रश्न याच वळणांनी गेला. ब्रिटनमध्ये १९११ पासून खासदारांना पगार मिळू लागला, तेव्हाच मजूर वर्गातल्या माणसाला संसदेत बसणे परवडू लागले. १९३९ मध्ये तिथे अडचणीत सापडलेल्या माजी खासदारांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी निधी उभारला गेला. त्यासाठी पैसे विद्यमान खासदारांच्याच पगारातून कापले जात, आणि मदत गरज पाहून दिली जाई. अमेरिकेत १९४२ मध्ये काँग्रेसने आपल्या सदस्यांना निवृत्तिवेतनाचा मार्ग खुला केला. युद्धकाळात लोकांत असा संताप उसळला की काही आठवड्यांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. १९४६ मध्ये तो पुन्हा आला, सदस्यांच्या वर्गणीसह. महाराष्ट्राच्या योजनेत सदस्याची वर्गणी नाही आणि गरजेची अटही नाही. सगळा भार राज्याच्या तिजोरीवर आहे.

हा भार वाढत गेला. २०१३ मध्ये माजी आमदारांचे मूळ निवृत्तिवेतन २५ हजारांवरून ४० हजार रुपये झाले. ऑगस्ट २०१६ मध्ये विद्यमान आमदारांच्या वेतनवाढीबरोबर ते ५० हजारांवर गेले, आणि ते विधेयक चर्चेविना संमत झाले. पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षासाठी २ हजार रुपये जास्त मिळतात. म्हणजे चार पूर्ण मुदती, वीस वर्षे, आमदार राहिलेल्या व्यक्तीला महिना ८० हजार रुपये होतात. याशिवाय एसटी व रेल्वेच्या प्रवासाची सवलत आणि वैद्यकीय खर्चाची सोय आहे, आणि निधनानंतर कुटुंबाला निवृत्तिवेतन आहे.

मार्च २०२३ मध्ये राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप केला. १४ ते २० मार्च असा आठवडाभर शाळा, रुग्णालये आणि कचेऱ्या विस्कळीत झाल्या. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकाला, ग्रामसेवकाला जुनी योजना नाही. मग एक मुदत पूर्ण केलेल्या आमदाराला आयुष्यभराचे निवृत्तिवेतन कसे, हा सवाल तेव्हा गावागावांत विचारला गेला. तो रास्त होता. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने २०२४ च्या निवडणुकीनंतर केलेल्या पाहणीत महाराष्ट्राच्या नव्या विधानसभेतले ९७ टक्के आमदार कोट्यधीश निघाले. १९७६ चा कायदा ज्या माणसांची काळजी वाहण्यासाठी उपयोगी पडला, ती माणसे आता सभागृहात अपवादाने दिसतात.

दोन राज्यांनी वेगळे मार्ग धरले. मुंबई राज्यातूनच १ मे १९६० रोजी वेगळा झालेला गुजरात आपल्या माजी आमदारांना निवृत्तिवेतन देत नाही. पंजाबने २०२२ मध्ये कायदा बदलून कितीही वेळा निवडून आले तरी एकाच मुदतीचे निवृत्तिवेतन असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयासमोर लोकप्रहरी या संस्थेने माजी खासदारांच्या निवृत्तिवेतनालाच आव्हान दिले होते. १६ एप्रिल २०१८ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि असा कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे असे सांगितले. कायदेशीर वाद तिथे मिटला. किती द्यावे आणि कोणाला द्यावे हा प्रश्न मात्र लोकप्रतिनिधींच्या विवेकावर राहिला. ब्रिटनच्या १९३९ च्या निधीसारखी गरजेची कसोटी महाराष्ट्राने लावली, तर ज्यांना खरोखर आधार हवा आहे त्यांना आजच्यापेक्षा जास्त देता येईल आणि ज्यांना नको आहे त्यांचा भार तिजोरीवर पडणार नाही.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि अकरा वेळा आमदार झाले. पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष, मतदारसंघ एकच. एसटीने प्रवास करणारा आमदार अशी त्यांची ओळख महाराष्ट्रभर होती. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा सगळ्या पक्षांचे लोक हळहळले. त्यांच्यासारख्यांच्या सन्मानाला निवृत्तिवेतनाचा आकडा लागत नाही. सांगोल्याचा दुष्काळ, टेंभू आणि म्हैसाळचे पाणी, सूतगिरणी यांत त्यांचे काम पाहता येते.

माजी लोकप्रतिनिधीचे नाव कामाशी जोडून ठेवण्याची उदाहरणे ठाणे जिल्ह्यातच आहेत. रामभाऊ म्हाळगी मावळमधून १९५७ मध्ये आणि पुण्यातून १९६७ व १९७२ मध्ये आमदार झाले. १९७७ आणि १९८० मध्ये ठाण्यातून लोकसभेवर गेले. आपण वर्षभरात काय केले याचा लेखी अहवाल मतदारांना देणारा लोकप्रतिनिधी म्हणून ते ओळखले जात. मार्च १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने प्रबोधिनी सुरू झाली. भाईंदरजवळ उत्तनला तिचे आवार आहे आणि नगरसेवक, सरपंच, आमदारांना तिथे प्रशिक्षण मिळते. त्यांच्या विचारसरणीशी कोणी सहमत असो वा नसो, अहवाल देणाऱ्या माणसाच्या नावाने लोकप्रतिनिधींना शिकवणारी संस्था असणे सुसंगत आहे. तसेच विधिमंडळाचे संसदीय प्रशिक्षण केंद्र वि. स. पागे यांच्या नावाने आहे. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते आणि रोजगार हमी योजनेची कल्पना त्यांची. तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये केलेल्या प्रयोगातून वाढलेली ही योजना पुढे राज्याचा कायदा झाली, आणि देशाच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याची पूर्वसूरी ठरली.

अलीकडच्या काळात एका दिवंगत लोकप्रतिनिधीसाठी लोक रस्त्यावर उतरले ते दि. बा. पाटील यांच्यासाठी. उरणजवळच्या जासई गावात १३ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले दि. बा. पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार होते; विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण भागात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मिळाला. राज्यात आणि बाहेरही जमीन संपादनाच्या चर्चेत या सूत्राचा दाखला आजही दिला जातो. २४ जून २०१३ रोजी दि. बा. गेले. त्यानंतर आठ वर्षांनी, जून २०२१ मध्ये, नवी मुंबई विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून हजारो भूमिपुत्रांनी मानवी साखळी धरली आणि सिडकोवर मोर्चा नेला. २०२२ मध्ये विधिमंडळाने नावाचा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या आधी, सप्टेंबरमध्ये, भिवंडीचे खासदार सुरेश म्हात्रे यांच्या पुढाकाराने याच मागणीसाठी भिवंडीहून गाड्यांची मोठी फेरी निघाली होती.

उरणच्या नेत्यासाठी भिवंडीतून गाड्या निघाल्या, याचे कारण जमीन आहे. वडपे, आमणे, सोनाळे, पडघा या पट्ट्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महामार्ग, गोदामे आणि आता समृद्धीसाठी जमिनी गेल्या. आगरी, कुणबी, कोळी, कातकरी, वारली अशा सगळ्यांच्या घरांत मोबदल्याचा हिशेब झाला. ज्या माणसाने साडेबारा टक्क्यांचे सूत्र मिळवून दिले, तो इथे परका वाटत नाही. मृत्यूनंतर बारा वर्षांनीही आमदाराचे नाव लोक घेतात ते त्याच्या कामाचा उपयोग अजून संपलेला नसल्यामुळे.

राजकीय पक्षांकडे आदराची आणखी एक रीत आहे: वारसाला तिकीट. पालघरचे खासदार अॅड. चिंतामण वनगा यांचे ३० जानेवारी २०१८ रोजी निधन झाले. कुटुंबाची विचारपूस झाली नाही या नाराजीतून त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेत गेले आणि मे २०१८ ची पोटनिवडणूक त्यांनी वडिलांच्याच पक्षाविरुद्ध लढवली. ती ते हरले. २०१९ मध्ये आमदार झाले आणि २०२४ मध्ये त्यांना उमेदवारी मिळाली नाही. सवरा यांचे पुत्र डॉ. हेमंत २०२४ मध्ये पालघरचे खासदार झाले. वारस सक्षम असू शकतो, त्याचा निवाडा मतदार करतात. पण दिवंगत नेत्याचा सन्मान तिकिटावर सोपवला की तो त्या निवडणुकीच्या गणितावर अवलंबून राहतो, आणि ज्यांच्या घरात राजकारणात येणारे कोणी नाही त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही.

याला उपाय महागडा नाही. विधिमंडळ सचिवालय सदस्यांच्या परिचयाच्या पुस्तिका काढते, कार्यवाहीचे खंड मुंबई आणि नागपूरच्या ग्रंथालयांत आहेत, शोकप्रस्तावांचा मजकूर त्यांत आहे. या सगळ्यातून मतदारसंघनिहाय वेगळे खंड निघू शकतात: भिवंडीचा, वाड्याचा, शहापूरचा, डहाणूचा. त्यात प्रत्येक सदस्याने विचारलेले प्रश्न, मांडलेली विधेयके, मंजूर करून घेतलेली धरणे, शाळा आणि आश्रमशाळा असाव्यात, आणि न झालेली कामेही असावीत. शहापूरच्या महाविद्यालयातले इतिहासाचे विद्यार्थी सोनुभाऊ बसवंतांच्या लोकसभेतल्या भाषणांपासून हे काम सुरू करू शकतात. जुन्या आमदारांना ओळखणारे कार्यकर्ते आता ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या मुलाखती येत्या चार-पाच वर्षांतच घ्याव्या लागतील. माजी आमदारांच्या निवृत्तिवेतनात जेव्हा पुन्हा वाढ प्रस्तावित होईल, तेव्हा त्या विधेयकात या कामासाठी तरतूद करावी, आणि ते विधेयक चर्चेशिवाय संमत होऊ नये.